डॉ. काशीनाथ घाणेकर

डॉ. काशीनाथ घाणेकर (१४ सप्टेंबर, १९३० – २ मार्च, १९८६) हे मराठी रंगभूमीवरील व चित्रपटांतील अभिनेते होते. व्यवसायाने ते दंतवैद्य होते. वसंत कानेटकर यांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकातील संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकातील लाल्या या त्यांच्या दोन भूमिका मराठी नाट्यइतिहासात गाजल्या. ‘पाठलाग’ (१९६४), ‘मधुचंद्र’ (१९६७), ‘एकटी’ (१९६८) आणि ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) हे त्यांचे उल्लेखनीय चित्रपट होत. मराठी रंगभूमीवरील पहिला ‘सुपरस्टार’ असा त्यांचा उल्लेख केला जातो.

जन्म व शिक्षण

घाणेकरांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण येथे झाला. वाशिष्ठी नदीच्या काठी वसलेले हे गाव त्या काळी कोकणातील व्यापाराची व विद्येची एक पेठ होती. कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडून येणारा आणि मुंबईहून गोव्याकडे जाणारा असे दोन रस्ते येथे मिळतात. कोकण रेल्वे यायला अजून अर्धशतक अवकाश होता. उच्च शिक्षणासाठी मुंबई गाठणे हा कोकणातील हुशार मुलांचा ठरलेला क्रम होता आणि घाणेकरही त्याच वाटेने गेले. मुंबईत त्यांनी दंतवैद्यकाची पदवी मिळवली व व्यवसायही सुरू केला. रंगभूमीवर नाव झाल्यानंतरही जाहिरातींत त्यांच्या नावामागील ‘डॉ.’ ही उपाधी कधी सुटली नाही.

नाटकाची ओढ त्यांना या व्यवसायात स्वस्थ बसू देईना. नाटकमंडळींत त्यांनी उमेदवारी केली ती पडद्यामागील कामांपासून. गोरा वर्ण, घारे डोळे, सडपातळ बांधा आणि चपळ हालचाली हे त्यांचे भांडवल होते. तथापि, केवळ देखणेपणावर दोन दशके नाट्यगृहे भरत नाहीत, हे त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

संभाजी

१९६२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकाने घाणेकरांचे आयुष्य पालटले. धी गोवा हिंदु असोसिएशनच्या या नाटकात मास्टर दत्ताराम शिवाजी महाराजांच्या भूमिकेत होते आणि संभाजी घाणेकरांकडे होता.

या भूमिकेचे महत्त्व समजण्यासाठी आधीची परंपरा ध्यानात घ्यावी लागते. राम गणेश गडकरी यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ आणि वि. ह. औंधकर यांचे ‘बेबंदशाही’ या नाटकांनी व्यसनी, विलासी आणि उशिरा पश्चात्ताप पावलेला संभाजी प्रेक्षकांच्या मनात ठसवला होता. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र प्रसिद्ध झाले आणि या प्रतिमेला इतिहासाच्या बाजूने हादरा बसला. कानेटकरांनी दोन वर्षांनी जो संभाजी लिहिला तो वडिलांच्या प्रेमासाठी भुकेला, मानी आणि घरातल्या कलहात घुसमटलेला मुलगा होता. घाणेकरांनी त्यात आपला सारा अस्वस्थपणा ओतला. राज्याच्या वारशाची कथा त्यांच्या अभिनयामुळे बाप-लेकाची कथा झाली, आणि घरोघरी असे बाप-लेक असल्यामुळे ती प्रेक्षकांना आपली वाटली.

पुढे ‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८) या कानेटकरांच्याच नाटकातही त्यांनी संभाजी उभा केला. त्या नाटकातील प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब विशेष गाजला. डॉ. श्रीराम लागू यांनी १९६९ मध्ये वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल टाकले, तेही याच नाटकातून.

लाल्या

१९६६ मधील ‘अश्रूंची झाली फुले’ हे ‘नाट्यसंपदा’ या संस्थेचे नाटक. ध्येयवादी प्राध्यापक विद्यानंद (प्रभाकर पणशीकर) कारस्थानाला बळी पडून तुरुंगात जातो आणि गुन्हेगार होऊन बाहेर येतो. त्याच्याच संस्कारांनी सुधारलेला उनाड विद्यार्थी लाल्या मात्र पोलीस अधिकारी होतो. गुरू व शिष्य परस्परांच्या जागी जाऊन उभे राहतात, अशी ही रचना आहे.

पहिल्या अंकातील लाल्या म्हणजे महाविद्यालयाच्या फाटकाशी उभा राहणारा, कोणालाही न जुमानणारा तरुण. तोपर्यंत मराठी रंगभूमीवरचा नायक बोलताना शब्द तोलून टाकत असे. घाणेकरांच्या लाल्याने ती शिस्त मोडली. त्याची चाल, मान झटकण्याची लकब, वाक्याच्या शेवटी आवाज सोडून देण्याची पद्धत यांचे अनुकरण तरुण मुले करू लागली. शिट्ट्यांनी नाट्यगृह दणाणून सोडणे ही तोवर तमाशाच्या फडाची रीत मानली जाई. ती पांढरपेशा प्रेक्षकांच्या नाटकात शिरली ती लाल्याच्या एन्ट्रीला. ही गोष्ट अनेक जाणत्यांना रुचली नाही. त्यांची नाराजी अगदीच निराधार नव्हती, कारण टाळीसाठी थांबणाऱ्या नटामुळे सहकलाकारांची लय बिघडते. पण याच टाळ्यांनी साठच्या दशकात तरुण वर्गाला सिनेमाच्या तिकीटखिडकीवरून नाटकाच्या खिडकीवर आणले, हेही नोंदवले पाहिजे.

या नाटकावर ‘आँसू बन गये फूल’ (१९६९) हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात अशोक कुमार यांनी प्राध्यापकाची भूमिका केली. लाल्याची भूमिका देव मुखर्जी यांच्याकडे गेली. कथेसाठी कानेटकरांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

जाहिरातीतील ‘आणि’

नाटकाच्या जाहिरातीत नटांची नावे क्रमाने देण्याची पद्धत होती व तिच्यावरून रुसवेफुगवेही होत. घाणेकरांचे नाव सर्वांत शेवटी, ‘आणि’ या शब्दानंतर जागा सोडून येत असे. तिसऱ्या घंटेनंतर होणाऱ्या घोषणेतही हाच क्रम असे आणि ‘आणि’ या शब्दाबरोबरच टाळ्या सुरू होत. शेवटचे स्थान हे मानाचे स्थान होऊ शकते, हे त्यांनी दाखवले. नाव जाहीर होताच ‘हाउसफुल्ल’ची पाटी लागणे ही ठेकेदारांसाठी नित्याची बाब झाली होती.

इतर नाटके

पु. ल. देशपांडे यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’मधील श्याम आणि ‘सुंदर मी होणार’मधील भूमिका, ‘आनंदी गोपाळ’मधील गोपाळराव जोशी, तसेच ‘शितू’ व ‘मधुमंजिरी’ ही नाटके त्यांच्या नावावर आहेत. यांपैकी गोपाळराव ही भूमिका चाहत्यांच्या चर्चेत मागे राहिली, हे योग्य नव्हे. पत्नीला डॉक्टर करण्याच्या हट्टाने पेटलेला, विक्षिप्त, कधी क्रूर वाटणारा असा हा नायक टाळीच्या वाक्यांवर तरून जाण्यासारखा नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्यातील वाचकाला मात्र जवळची वाटते ती ‘गारंबीचा बापू’. श्री. ना. पेंडसे यांची ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. दापोली तालुक्यातील मुर्डी हे पेंडशांचे जन्मगाव, आणि त्याच परिसरातील माणसे त्यांनी आपल्या कादंबऱ्यांतून उभी केली. गावाने ओवाळून टाकलेला, आडदांड, पण आतून स्वच्छ असा बापू घाणेकरांनी रंगभूमीवर आणि नंतर १९८० च्या चित्रपटातही साकारला. कोकणी माणसाचा ताठा आणि त्याचे तिरके बोलणे यांसाठी चिपळूणच्या या नटाला वेगळा अभ्यास करावा लागला नसावा.

चित्रपट

भालजी पेंढारकर यांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) या चित्रपटातून ते पडद्यावर आले. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटात, म्हणजे ‘मधुचंद्र’मध्ये, त्यांनी उमा यांच्यासह हलकीफुलकी भूमिका केली. राजा ठाकूर यांच्या ‘एकटी’मध्ये सुलोचना त्यांच्या आईच्या भूमिकेत होत्या. ‘लक्ष्मी आली घरा’ (१९६५), ‘देवमाणूस’ (१९७०), ‘अजब तुझे सरकार’ (१९७१) आणि ‘चंद्र होता साक्षीला’ (१९७८) हे त्यांचे आणखी काही चित्रपट. ‘दादी माँ’ (१९६६) व ‘अभिलाषा’ (१९६८) या हिंदी चित्रपटांतही ते दिसले, पण तेथे त्यांचा जम बसला नाही.

त्यांच्या चित्रपटांत दोन चित्रपट वेगळे काढावे लागतात. दोन्ही गूढाचे आहेत आणि दोन्हींत मेलेले माणूस जिवंतांची पाठ सोडत नाही.

‘पाठलाग’

राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ हा कृष्णधवल चित्रपट जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारित आहे. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या वकिलासमोर तिच्यासारखीच दिसणारी स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचा दावा करते. पत्नीची भूमिका भावना यांनी केली होती. ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले, दत्ता डावजेकर यांनी संगीत दिलेले आणि आशा भोसले यांनी गायलेले ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे गीत या चित्रपटाचा कणा आहे. पुढे राज खोसला यांनी याच कथेवर ‘मेरा साया’ (१९६६) काढला व घाणेकरांची भूमिका सुनील दत्त यांनी केली. हिंदी चित्रपट अधिक श्रीमंत आहे यात शंका नाही, परंतु मराठी चित्रपटातील काळोख अधिक खरा वाटतो. रंगमंचावर मोकाट सुटणारा हा नट येथे आश्चर्य वाटावे इतका आवरलेला आहे. आपण पाहतो ते खरे की आपल्याच मनाचा भास, या संशयाने पोखरलेला माणूस त्याने बव्हंशी नजरेतून दाखवला.

‘हा खेळ सावल्यांचा’

वसंत जोगळेकर दिग्दर्शित हा चित्रपट १९७६ साली प्रदर्शित झाला. ‘सुंदर मी होणार’वर आधारित ‘आज और कल’ (१९६३) हा हिंदी चित्रपट जोगळेकरांचाच. घाणेकरांसह आशा काळे व लालन सारंग यांच्या भूमिका या चित्रपटात आहेत. नरसू नावाच्या मृत माणसाचे भूत आणि त्याच्या धास्तीने पछाडलेली इंदू हा कथेचा गाभा आहे. उकल येथे सांगणे उचित नाही. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यावर तो अन्याय होईल.

भयपटांचे शौकीन या चित्रपटाला विशेष मान देतात आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाश्चात्त्य भयपटांत पौर्णिमेच्या रात्री लांडगा होणाऱ्या माणसाची मोठी परंपरा आहे. लॉन चेनी (धाकटे) यांचा ‘द वुल्फ मॅन’ (१९४१) हा त्यातील ठळक चित्रपट. तेथे भय डोळ्यांना दिसते. रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी चेनींच्या चेहऱ्यावर केसांचे थर चढवून तो लांडगा घडवला होता. हिंदीत ‘जानी दुश्मन’ (१९७९) या चित्रपटाने असाच केसाळ राक्षस आणला. कोकणात ही कल्पना रुजणे कठीण, कारण लांडगा हा मुळी घाटावरच्या माळरानाचा प्राणी. कोकणाच्या रानात वाघ, आणि त्या वाघालाही लोकांनी देव मानून त्याच्या नावाने नारळ ठेवला. येथील भुतावळ वेगळी आहे: मुंजा, समंध, खवीस, हडळ, जखीण, पाण्यातला गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा, आणि गावाची राखण करणारा देवचार. ही भुते माणसाला जनावर करीत नाहीत, ती माणसाला धरतात. शरीर तेच, चेहरा तोच. फक्त आत बसलेले कोणी निराळे. शेजारच्या बाईला झाडाने धरले असे ऐकून वाटणारी भीती केसाळ पंजाच्या भीतीपेक्षा अधिक खोल जाते. त्या पंजापासून पळता तरी येते.

‘हा खेळ सावल्यांचा’ या भीतीशी प्रामाणिक आहे. त्यात दचकवण्याच्या युक्त्या आहेत, काही प्रसंग आज भाबडे वाटतात, मधला भाग रेंगाळतो. तरीही बाधा खरी की मनाचा आजार, हा प्रश्न चित्रपट दीर्घ काळ अधांतरी ठेवतो, आणि गावोगावी ज्या घरांत देवऋषी आणि डॉक्टर दोघांचेही उंबरे झिजवले गेले त्या घरांना हा प्रश्न करमणुकीचा नव्हता. अशा आजारी व्यक्तीकडे भय न बाळगता पाहता येते, ही जाणीव त्या काळच्या सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत नेणे सोपे नव्हते.

चित्रपटाची गीते सुधीर मोघे यांची आणि संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. महेंद्र कपूर यांनी गायलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या गीतातील चांदणे प्रेमिकांचे नाही. ते सावल्या पाडणारे, फसवे चांदणे आहे. आशा भोसले यांचे ‘काजळ रातीनं ओढून नेला’ हेही याच जातीचे. याउलट हेमंत कुमार व आशा भोसले यांनी गायलेले, घाणेकर आणि आशा काळे यांच्यावर चित्रित झालेले ‘गोमू संगतीनं’ कोळीगीताच्या ठेक्यावर खेळते आणि भयाच्या कथेत मोकळा श्वास देते. आजही लग्नाच्या वरातीत हे गाणे वाजते, आणि ते एका भुताच्या चित्रपटातील आहे हे नाचणाऱ्यांच्या गावीही नसते.

वैयक्तिक आयुष्य व उतरता काळ

घाणेकरांचा पहिला विवाह एका डॉक्टर स्त्रीशी झाला होता. तो टिकला नाही. पुढे ज्येष्ठ अभिनेत्री सुलोचना यांच्या कन्या कांचन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ‘एकटी’मध्ये पडद्यावर त्यांची आई झालेल्या सुलोचना अशा प्रकारे त्यांच्या सासूबाई झाल्या. कांचन घाणेकर यांनी ‘नाथ हा माझा’ हे आत्मकथनपर पुस्तक लिहिले. पतीच्या गुणांबरोबर त्याचे दोषही न लपवता सांगितल्यामुळे हे पुस्तक मराठीतील अशा लेखनात उठून दिसते.

मद्यपान हा घाणेकरांच्या आयुष्यातील दुखरा विषय होय. लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाच ते त्याच्या आहारी गेले. त्याचा परिणाम प्रयोगांवर झाला, सहकाऱ्यांशी खटके उडाले आणि नाइट बुडण्याच्या धास्तीने ठेकेदार बिचकू लागले. दौऱ्यातील जागरणे, बसचा रात्रीचा प्रवास आणि प्रयोगानंतर उतरू न शकणारी झिंग यांचा त्यात वाटा असेल, परंतु त्यांच्याच बसमधून प्रवास करणारे इतर नट सावरलेले राहिले, हेही खरे आहे.

याच सुमारास नाटकही बदलत होते. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या अभिनयाने प्रेक्षकांची अपेक्षा निराळ्या दिशेला वळली. विचारपूर्वक, आतून बांधत नेलेला अभिनय हा नवा मानदंड ठरला. मुळात डॉक्टर असलेल्या या दोन नटांची तुलना तेव्हापासून होत आली आहे. ती करताना एक बाब बहुधा विसरली जाते: लागूंना आपल्या कलेविषयी लिहिण्याबोलण्यासाठी दीर्घ आयुष्य मिळाले, घाणेकरांना ते मिळाले नाही.

मृत्यू

नाटकाच्या दौऱ्यावर असताना २ मार्च, १९८६ रोजी अमरावती येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५५ वर्षांचे होते.

नंतर

घाणेकरांच्या ऐन बहराच्या काळात मुंबई दूरदर्शन केंद्र सुरूही झाले नव्हते. ते ऑक्टोबर १९७२ मध्ये सुरू झाले. नाटकांचे चित्रीकरण करून ठेवण्याची पद्धत तर पुढे बरीच वर्षे रूढ झाली नाही. त्यामुळे ज्या संभाजीसाठी आणि लाल्यासाठी लोक पहाटेपासून रांगा लावत, तो पाहिलेली पिढी आता विरळ होत चालली आहे. नव्या प्रेक्षकाला घाणेकर भेटतात ते ‘पाठलाग’ आणि ‘हा खेळ सावल्यांचा’ यांसारख्या चित्रपटांतून. त्यांच्या अभिनयाविषयी मत बनवताना ही मर्यादा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. चित्रपट हे त्यांचे दुय्यम क्षेत्र होते.

ठाणे येथील महानगरपालिकेच्या एका नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. २०१६ साली झी मराठी वाहिनीवर सुरू झालेल्या, सिंधुदुर्गातील एका वाड्याभोवती फिरणाऱ्या गूढ मालिकेने ‘रात्रीस खेळ चाले’ हे आपले नाव ‘हा खेळ सावल्यांचा’मधील गीतावरून घेतले. २०१८ मध्ये अभिजित देशपांडे दिग्दर्शित चरित्रपट प्रदर्शित झाला. त्यात सुबोध भावे यांनी घाणेकरांची, प्रसाद ओक यांनी पणशीकरांची, सुमीत राघवन यांनी लागूंची आणि वैदेही परशुरामी यांनी कांचन यांची भूमिका केली. चरित्रपटाचे नाव घाणेकरांच्या जाहिरातीप्रमाणेच ‘आणि’ या शब्दाने सुरू होते.